शाळेत रेंज नाही, तिथे मी बरी असते

या वेळचं पत्र एका जिल्हा परिषद शिक्षिकेचं आहे. पत्र मोठं आहे, मी कापून देतेय.

"मी मूळची सांगली जिल्ह्यातली, नोकरी कोकणात. मिस्टर तिकडे, मी आणि नऊ वर्षांची मुलगी इकडे, आंतरजिल्हा बदलीची वाट बघतोय. शाळा द्विशिक्षकी, वाडीवर, तिथे रेंज अजिबात नाही. संध्याकाळी स्कूटीवरून खिंडीत आले की फोन टिंगटिंग करायला लागतो तो घर येईपर्यंत थांबत नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा, पोषण आहाराचा, मतदारयादीच्या कामाचा म्हणजे बीएलओचा, बदलीवाल्यांचे तीन, मुलीच्या शाळेचा, माहेरचा... मोजले तर २३ निघाले. पोळ्या लाटताना एक डोळा फोनवर असतो. रात्री साडेदहाला पण 'अतितात्काळ' येतं, मग झोप उडते, मग रील्स बघत साडेबारा-एक वाजतात. तीनला जाग आली तरी हात आधी फोनकडे जातो. टोन वाजली की छातीत धडधडतं, आणि कधी कधी तर वाजलेलीच नसते. मुलीला जेवायला हाक मारली की ती 'नोटेड मॅडम' म्हणते, हसावं का रडावं कळत नाही. माझ्या बाबांना हार्टचा त्रास आहे, ते लांब, म्हणून रात्री फोन बंद ठेवता येत नाही. मैत्रीण म्हणते सरळ बटणांचा फोन घे. घेऊ का? खरं सांगू का, शाळेत रेंज नाही, तिथे मी बरी असते."

ताई,

आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. बटणांचा फोन घेऊ नका. पगाराचं, बँकेचं, गॅसचं, सगळ्याचं हल्ली फोनवर चालतं, आणि लेकीला रात्री व्हिडिओ कॉलवर बाबा बघायचा असतो तो त्या बटणांच्या डबीत कुठून दिसणार. आठ दिवसांत तुम्ही जुना फोन कपाटातून काढाल आणि वर "मला एवढंही जमलं नाही" हे ओझं डोक्यावर घ्याल, आधीच काय कमी आहेत.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, पण मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच अडकले. साडेदहा ते पाच तुम्ही कुणालाच सापडत नाही. मेसेज सकाळी सव्वाअकराला पडतो, "आज दुपारी २ पर्यंत माहिती सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे", तुम्ही तो बघता सव्वापाचला आणि भरता सहाला. मग काय होतं? फार फार तर 'माहिती अप्राप्त शाळा' या यादीत लाल अक्षरात तुमच्या शाळेचं नाव येतं, आणि मला वाटतं ते बऱ्याचदा येतच असणार. तरी शाळा चालू आहे, पगार चालू आहे, पोरं पाढे म्हणतायत. म्हणजे रोज सहा-साडेसहा तास तुम्ही फोनशिवाय राहताच आहात, त्यासाठी वेगळी काही साधना करायची नाहीये.

तुम्ही तिथे बऱ्या का असता, ते पण बघा. डोंगरातली हवा चांगली असेल, नाही म्हणत नाही, पण खरं कारण असं आहे की वाडीवर रेंज नाही हे अख्ख्या केंद्राला माहितीये. दुपारी तुमच्याकडून उत्तर येणार नाही हे सगळ्यांनी मनाशी धरलंय आणि तुम्ही पण धरलंय, म्हणून तिथे तुमच्या डोक्यात ड्युटी चालू नसते. घरी आलात की रेंज येते आणि रेंजबरोबर ड्युटी, ती थेट रात्री एकपर्यंत. तुम्ही फोन किती तास बघता हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. कधीही हाक येईल आणि मला ओ द्यायचीये, ही जी तयारी अंगात बसलीये ना, ती थकवते. न वाजलेला फोन वाजल्यासारखा वाटतो तो पण त्यातलाच प्रकार, खूप जणांना होतो, त्याने घाबरून जाऊ नका.

माझंच सांगते. मी चार वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. रात्री ११:४० ला मेसेज, "लिफ्टमध्ये कसला तरी वास येतोय." मी लगेच उत्तर द्यायचे, "बघते." आणि नाइटी बदलून खरंच बघायला जायचे, हा माझा मूर्खपणा. लोक मला हक्काने विचारायचे कारण मी हक्काने उत्तर द्यायचे, हे मला कळायला मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हावं लागलं. चार दिवस डोळ्यावर हिरवी पट्टी, स्क्रीन बंद. पाचव्या दिवशी ग्रुप उघडला तर दुसऱ्या मजल्यावरच्यांनी स्वतः लिफ्टवाल्याला फोन करून काम करून घेतलेलं. नंबर कुठून मिळाला विचारलं तर म्हणे लिफ्टमध्येच चिकटवलाय की. तो कागद मीच चिकटवला होता.

तर तुम्हाला घरात एक रेंज नसलेली जागा तयार करायचीये, एवढंच. पण पूर्ण बंद करायला मी सांगणार नाही, आणि त्याला कारण आहे. २०१९ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, २३७ माणसांवर केलेला. काहींना नोटिफिकेशन नेहमीसारखी येत राहिली, काहींना साठवून दिवसातून तीनदा एकदम दिली, काहींची साफ बंद केली. ज्यांना तीनदा मिळाली त्यांचा ताण कमी झाला, मन जागेवर राहिलं. ज्यांची साफ बंद होती त्यांना फायदा थोडाच झाला आणि उलट काहीतरी आपल्याला कळायचं राहतंय या विचाराने जीव जास्त टांगणीला लागला. मला हे वाचून तुमच्या खिंडीचीच आठवण झाली, कारण खिंड तुमच्यासाठी तेच करतेय, दिवसभराचं साठवून एकदम हातात देतेय. तिच्यानंतरच्या वेळेला तसा बांध नाही, तो आपण घालू.

तुमच्या दिवसात तीन वेळा मला अशा दिसतात. सकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं. संध्याकाळी घरी आल्यावर, पण चहा पिऊन झाल्यावर बरं का, चहाच्या आधी नाही, अर्धा तास टेबलाशी बसून, रजिस्टर समोर घेऊन, जी काय माहिती भरायची ती भरून टाका, पोळ्या लाटताना गूगल शीट भरली की पटाच्या रकान्यात पोषण आहाराचा आकडा जातो आणि ती दुरुस्त करायला परत वीस मिनिटं. आणि शेवटची साडेआठला, जेवणं झाल्यावर, पाच-दहा मिनिटं. साडेआठनंतर तुम्ही वाडीवर आहात. कुणी विचारलं तर शब्दशः हेच सांगा, घरी पण रेंज जाते हो. कोकणात पावसात ते खोटंही ठरत नाही.

आता फोनमधलं. २३ ग्रुपांपैकी केंद्राचा आणि मुलीच्या शाळेचा वर राहू दे, बाकीचे २१ म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. पूर्वी नवीन मेसेज आला की अर्काइव्हमधला ग्रुप उडी मारून वर यायचा, आता नाही येत, तिथेच पडून राहतो. म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये कुणी तुमचं नाव टॅग केलं तर ते कळतं, त्यामुळे अगदी तुमच्यावाचून अडलंच तर समजेल. बदलीवाल्यांच्या तीनपैकी दोन सरळ सोडा, हे जरा जोरात सांगतेय कारण मला संशय आहे की रात्री तीनला तुम्ही बघता ते हेच. "आतल्या गोटातून समजते की", "पोर्टल उद्या सुरू होणार", आणि खाली ऐंशी जणांचे हात जोडलेले. जीआर निघाला तर शासनाच्या साइटवर तारखेनिशी सापडतो, तीनला जागं राहून बघितलं म्हणून सेवाज्येष्ठता वाढत नाही. बदलीसाठी जीव किती तुटतो ते मला कळतं हो, नवरा एकीकडे संसार एकीकडे, पण त्या ग्रुपात बदली मिळत नाही, फक्त बदलीची आठवण मिळते दिवसातून ऐंशी वेळा.

सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं ते पण बदला, नाहीतर हे २३ चे दिवाळीपर्यंत ३० होतील. आणि कुणी सांगेल ब्लू टिक बंद कर म्हणजे साहेबांना कळणार नाही, तर ते ग्रुपला लागू नाही, ग्रुपमधल्या मेसेजची माहिती उघडली की कुणी वाचला ते दिसतंच. त्यापेक्षा उघडूच नका. न वाचलेला मेसेज हा न वाचलेला असतो, त्याचा जाब फार कुणी विचारत नाही, वाचून गप्प बसलात तर मात्र विचारतात.

बाबांचं आता. त्यांच्यासाठी फोन चालू ठेवायचाय ना, मग फक्त त्यांच्यासाठीच चालू ठेवा. डू नॉट डिस्टर्ब रात्री नऊ ते सकाळी सहा आपोआप लागेल असं ठेवा, आणि त्यात स्टार केलेल्या नंबरचे कॉल वाजू द्यायची परवानगी द्या. स्टार कुणाला, तर आई, बाबा, मिस्टर, बाबांच्या शेजारचं जे कुणी धावून येणारं आहे ते, आणि तुमचे मुख्याध्यापक. बास, पाच. अजून एक सोय असते, एकच माणूस पंधरा मिनिटांत दोनदा कॉल करत असेल तर दुसरा कॉल वाजतो, ती पण चालू ठेवा. घरच्यांना मात्र बजावून सांगा की साधा कॉल करायचा, व्हॉट्सॲपचा नाही, तो मध्येच अडकू शकतो. आणि एकदा करून बघा. मिस्टरांना सांगा साडेनऊला कॉल करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, वाजतो का ऐका. स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय तुम्हाला झोप लागणार नाही, मला पण लागली नसती.

दुसऱ्या खोलीत म्हटलं ते मुद्दाम. फोन उशाशी का असतो याची कारणं माझ्या घरात एकेक करून मी मोडली होती. गजर लावायचा असतो, तर दीडदोनशे रुपयांचं घड्याळ आणलं. लाइट गेली तर टॉर्च लागते, तर टॉर्च आणली, तुमच्याकडे तर पावसाळ्यात ती लागणारच. किती वाजले बघायला लागतं, तर परत तेच घड्याळ. कारणं संपली तरी फोन उशाशीच येत होता, म्हणजे कारणं खोटी होती, पण निदान मला ते कळलं. मग चार्जरच स्वयंपाकघरात मिक्सरच्या प्लगला लावला, रोज रात्री उपसून खोलीत आणायचा आळस येतो, आळसाचा असा उपयोग करून घ्यावा. स्क्रीन पिवळी करायचं पण एक खूळ आहे, करा हवं तर, पण स्क्रीन पिवळी केली म्हणून गटशिक्षण कार्यालयाचा मेसेज काही गोड होत नाही.

रील्सवर मी तुम्हाला ओरडेन असं वाटलं असेल. नाही ओरडणार. दिवसभर पोरं, मग माहिती, मग घर, तर साडेदहा ते साडेबारा हा एकटा वेळ तुमचा स्वतःचा असतो आणि तो सोडवत नाही, झोपलं की लगेच सकाळ होते म्हणून झोपायचं नसतं. वेळ ठेवा, पण तो जरा अलीकडे ओढा. साडेआठला ग्रुप बघून झाल्यावर जो तासभर मोकळा होईल तो भांडी आणि इस्त्रीला देऊन टाकू नका. रील्सच बघायच्यात? साडेआठ ते नऊ बघा, खुर्चीत बसून, लेकीला शेजारी घेऊन, ती पण हसेल. आडवं पडून बघू नका एवढंच.

राहता राहिले केंद्रप्रमुख. त्यांना एकटीने जाऊन काही बोलू नका, "मॅडमना कामाचा कंटाळा" असं व्हायला वेळ लागत नाही. पुढच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, चार-पाच जण मिळून बोला आणि तक्रार म्हणून न मांडता सोय म्हणून मांडा. म्हणजे असं काहीतरी, "सर, ग्रुपवर चाळीस 'ओके सर' पडतात त्यात तुमचा मूळ मेसेजच वर निघून जातो आणि माहिती राहून जाते. सूचनांचा ग्रुप फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करू या का? आणि रात्री काही खरंच तातडीचं असलं तर कॉल करा, आम्ही उचलतो, मेसेज असेल तर सकाळी साडेसातपर्यंत उत्तर देतो." ही सेटिंग व्हॉट्सॲपमध्ये आहेच. आणि कॉलची अट फार कामाची आहे बरं का, कारण चाळीस जणांना एकेक कॉल करायचा म्हटलं की अतितात्काळ गोष्टी आपोआप तात्काळ होतात आणि तात्काळ उद्यावर जातात. ते गृहस्थ पण वरून आलेलंच खाली ढकलतायत, त्यांची बायको पण मला कधीतरी पत्र लिहील.

तोपर्यंत तुम्ही आणि तुमचे जोडीदार शिक्षक वार वाटून घ्या. सोम-बुध-शुक्र ग्रुप बघायची जबाबदारी तुमची, मंगळ-गुरू-शनि त्यांची, काही भरायचं असेल तर एकमेकांना सांगायचं. शाळा एकच आहे, दोघांनी एकच मेसेज दोनदा वाचून दोनदा टेन्शन घ्यायची काय गरज. तीन दिवस तरी मोकळे मिळतील.

कायद्याचं विचाराल तर फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून बाजूला राहायचा हक्क कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकं कायदा होईपर्यंत जाणं फार क्वचित घडतं, त्यामुळे त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा तुमच्याच सांगली जिल्ह्यातलं उदाहरण घ्या, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथे १४ ऑगस्ट २०२२ ला गावाने ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायला लागला, भोंगा झाला की टीव्ही आणि मोबाइल बंद, दीड तास, साडेआठला परत भोंगा. पोरांनी अभ्यास करावा म्हणून हे होतं, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल हातात आला तो सुटेना. सुरुवातीला घरोघरी फिरून सांगावं लागलं, त्यात आशाताई, अंगणवाडीच्या ताया, निवृत्त शिक्षक सगळे होते. मला त्यात आवडलं ते हे, की एकाच्या घरी फोन बंद आणि शेजारी चालू असं नव्हतं, सगळ्यांचा एकदम बंद. तुमच्या घरात दोनच माणसं आहेत, गाव छोटं आहे, ठराव लगेच पास होईल. भोंगा लेकीला वाजवू दे. ताट, वाटी, शाळेची घंटा, काय मिळेल ते. तिला एकदा हा अधिकार दिलात ना की तुम्हाला पळवाट राहणार नाही, नऊ वर्षांच्या पोरी नियमाला फार कडक असतात.

धडधडीकडे मात्र दुर्लक्ष नको. दोनतीन आठवडे हे सगळं करून पण छातीत धडधडत असेल, तीनला जाग येतच असेल तर डॉक्टरांकडे जा आणि बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या, बायकांमध्ये बऱ्याचदा यातलं काहीतरी बिघडलेलं असतं आणि आपण टेन्शन टेन्शन म्हणत बसतो. आणि मधेच कधी एकटं वाटून जीव घाबरला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो टॉर्चच्या डब्यावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको, फोन मिक्सरपाशी असणार आहे.

पहिले चार-पाच दिवस फार चुळबुळ होईल. हात सारखा ओट्याकडे जाईल, लाल यादीत नाव आलं असेल असं वाटत राहील, आणि एखाद्या दिवशी येईल पण. येऊ दे, वाडीवर रेंज नसते हे त्यांना माहितीये.

आणि हो, तुमचा मेल मला रात्री १२:५० ला आलाय, वेळ दिसते हो वर. हे उत्तर संध्याकाळी वाचा, चहा झाल्यावर.